ताईच्या हाताने उघडेल असे दार

मी, वसुधा यशवंत पोतनीस, वय छप्पन, राहणार धार, नोकरी देवास, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वखुशीने आणि स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. पुढच्या आठवड्यात इंदूरला माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात, "मॅडम, टेन्शन की कोई बात नहीं." मी सारी नोकरी मिक्सर-पंख्यांच्या माहितीपुस्तिका लिहिण्यात घालवली. असली वाक्ये कधी छापावी लागतात, ते मला ठाऊक आहे.

१. धार येथील माझे स्वकष्टार्जित तीन खोल्यांचे घर माझी मोठी बहीण इंदुमती, जिला सगळे ताई म्हणतात, हिच्याकडे तिच्या हयातीपर्यंत राहील. तिच्यानंतर ते आमचा भाचा मनन याचे.

ताईला कोणी घराबाहेर काढील अशी भीती मला नाही. मनन सज्जन आहे. भीती त्या सज्जनपणाचीच आहे. गेल्या मार्गशीर्षात त्याने आत्यांच्या सुरक्षेसाठी पुढच्या दाराला बोट लावून उघडायचे कुलूप बसवले. "ताईआत्या, बस उंगली रखो, खुल जाएगा. किल्लीची झंझटच नाही!" ताई जन्मभर देवासाठी सहाणेवर गंध उगाळत आली आहे. तिच्या बोटांवर आता रेषाच उरलेल्या नाहीत. पुसपुसून ते बोट यंत्राने एकदाचे ओळखले, आणि आम्ही टाळ्या वाजवल्या.

त्याच आठवड्यात शनिवारी मी देवासहून संध्याकाळच्या बसने आले, तर ताई बंद दारासमोर पायरीवर बसलेली. दुपारी देवळातून परतल्यापासून तिथेच.

"विक्रमसिंहांकडे का नाही गेलीस? शेजारी तर आहेत."

"काय सांगू त्यांना? मला माझ्या घरात घ्या म्हणून?" मग हात पदराखाली ओढून म्हणाली, "माझीच बोटं गेली गं."

नालायक असते वस्तू, आणि ओशाळतो माणूस. कारखान्यात येणाऱ्या तक्रारीसुद्धा "माझंच काही चुकत असेल" अशाच सुरू होत. पण ते लोक अनोळखी होते. हे मृत्युपत्र मी ताईच्या त्या एका वाक्यासाठी लिहिते आहे. माझ्यामागे तिला स्वतःच्या दारासमोर पुन्हा ओशाळावे लागू नये.

२. सदर कुलूप मी दुसऱ्याच दिवशी काढले. ते कपाटात आहे. मननने ते देवासच्या आपल्या फ्लॅटला लावावे व सुखी व्हावे.

३. जुने ते सोने असे मात्र माझे म्हणणे नाही. त्यानंतर परत बसवलेल्या जुन्या कुलपाची गोल मूठ पिळायला पकड लागते. ताई सोवळ्यात विहिरीवरून पूजेचे पाणी आणते. एका हातात तांब्या, दुसऱ्यात फुलांची परडी. किल्ली बोटात अडकवून ती कशीबशी फिरवते, पण मुठीसाठी तांब्या उंबऱ्यावर ठेवावा लागतो, आणि खाली टेकलेले पाणी देवाला चालत नाही. मग ती पुन्हा विहिरीवर. ही मूठ ज्याने घडवली, त्याच्या घरी देव नसावेत, किंवा दार उघडायला बायको असावी.

४. माझे दागिने व बँकेतील शिल्लक मननची पत्नी देवश्री हिला. आमच्या घरात ताईला "तुम्हाला कसं हवंय?" असे विचारणारी ती एकटीच आहे. बाकी आम्ही सगळे सांगणारे.

५. माझा मिक्सर कारखान्याचे माजी व्यवस्थापक रणवीर सोळंकी यांना. याचे बटण एकीकडे फिरवले की तो थांबतो आणि दुसरीकडे फिरवले की उसळतो, आणि दोन्हीकडे खूण सारखीच. मी खूण बदला म्हटले, तेव्हा साहेब म्हणाले, "पुस्तिकेत 'सावधान' मोठ्या अक्षरात टाका ना." टाकले होते. आता त्यांनी त्यात चटणी वाटावी. झाकण घट्ट धरावे.

६. ताईच्या हयातीत घरातले दार, नळ, शेगडी वा बटण बदलायचे झाल्यास मननने नवी वस्तू बसवावी, कोपऱ्यात उभे राहावे आणि तोंड बंद ठेवावे. ताईने ती न विचारता वापरली, तर राहू द्यावी. मननला एक शब्द जरी समजावून सांगावा लागला, तरी ती वस्तू त्याच दिवशी उतरवावी.

७. ~~कलम ६ पाळले जाते की नाही, हे पाहण्याचा अधिकार माझी मैत्रीण वल्लरी हिला राहील. मननने ते मोडल्यास त्याचा घरावरील हक्क जाईल व ताईनंतर घर देवळाच्या ट्रस्टला मिळेल.~~

कलम ७ मी आज स्वतः खोडले आहे. पुढे वाद नको म्हणून कारण लिहिते.

मननला मराठी वाचायचा कंटाळा. गेल्या रविवारी देवश्रीने त्याला हा मसुदा वाचून दाखवला. त्याने लगेच फोन केला. "छोटी आत्या, मेरे पे पहरा? भरवसा नाही का?"

"भरवसा तुझ्यावर आहे रे, तुझ्या खरेदीवर नाही."

त्याने फोन ठेवला. आज सकाळी ताई विहिरीवर गेलेली पाहून तो अवजारांची पिशवी घेऊन आला. त्याने जुनी गोल मूठ काढली आणि तिच्या जागी एक लांब, आडवी दांडी बसवली. कुलूप तेच, किल्ली तीच. मग विक्रमसिंहांच्या ओट्यावर जाऊन, ओठ मिटून उभा राहिला. मी खिडकीत.

ताई आली. दोन्ही हात भरलेले. तिने बोटातली किल्ली फिरवली, कोपराने दांडी दाबली, पायाने दार लोटले आणि तांब्या न टेकवता थेट देवघरात गेली. पूजा आटोपेपर्यंत मनन गप्प होता. मग राहवेना.

"ताईआत्या, कैसा लगा?"

"काय?"

"अगं, दरवाजा!"

ताईने दाराकडे वळून पाहिले. "दाराला काय झालंय?"

बाकी सर्व कलमे कायम. वर लिहिलेले व खोडलेले मी पुन्हा वाचून, खालील दोघांच्या समक्ष सही केली. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये असे वकील म्हणतात, म्हणून विक्रमसिंहांना आवडलेली, न सांडणारी किटली मी त्यांना कालच देऊन टाकली.

स्थळ : धार
दिनांक : ९ फेब्रुवारी २०२५

सही : वसुधा यशवंत पोतनीस

साक्षीदार :
१. विक्रमसिंह पंवार, शेजारी, धार
२. उर्वी दळवी, शिक्षिका, धार