मुलांसाठी, वय सहा ते बारा

२ मे २००२
चौथीचा निकाल. शेजारच्या हसीनाची आरजू वर्गात पहिली. शिकवणी माझी, त्यामुळे आश्चर्य नाही. पहिली आलीस तर व्हिडिओ गेम देईन, असा माझा शब्द होता. बाजारपेठेत झुल्फिकारच्या दुकानी गेले. माझाच जुना विद्यार्थी. म्हणतो, "बाई, ह्यो पोरांचा खेळ हाय. पोरीला भातुकली न्या, गुलाबी हाय." खोक्यावर छापलेले: 'मुलांसाठी, वय ६ ते १२'. चित्रात टोपीवाला मुलगा. मुद्दाम तोच घेतला. निषेध म्हणून.

३ मे
कंपनीला पत्र. चार पाने, रजिस्टर्ड. मुलींनी तुमचे काय घोडे मारले आहे, असे स्पष्ट विचारले. दुपारी आरजू दारात. म्हटले, आधी मी तपासते. वरून ठोकळे पडतात, ते फिरवून ओळ भरायची. सोपे आहे. उद्या देणार.

४ मे
सोपे नाही. तिसऱ्या लेवलला ठोकळे फार वेगात येतात. मुलीला झेपेल का, हे पाहणे माझे कर्तव्य.

६ मे, सकाळी ११
सेल संपले. हल्ली सेलच वाईट निघतात. नवे आणले. आरजूने विचारले, "बाई, झाला का तपासून?" म्हटले, कोणतेही काम शास्त्रशुद्ध करावे. वांगी करपली. गॅस मोठा राहिला होता, दुसरे काही नाही.

७ मे
झुल्फिकारला पत्राचे ऐकवले. तर म्हणतो, "बाई, सातवीत तुमीच माझा मार्क कापला व्हता. मुलगा-मुलगे, मूल-मुले. मंग 'मुलांसाठी' म्हंजी पोरी बी आल्याच की!" गिऱ्हाइकांसमोर. मी म्हटले, व्याकरण बरोबर, पण चित्रातल्या टोपीचे काय? आणि पोरांचा खेळ कोण म्हणाले? हसत हसत पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. पत्र गेले ते गेले. तत्त्व कायम.

९ मे
'वय ६ ते १२' हाही अन्यायच. दुसरे पत्र लिहायला घेतले. मी एकसष्ट वर्षांची, बी.ए., आणि काल सहावी लेवल पार केली. मध्येच हसीना आली. "बाई, पोरगी रोज इच्चारती. परवा मामूकडं चाललीय साताऱ्याला, महिनाभर. तिथल्या भावांना दावायचाय तिला." नक्की देणार. शब्द म्हणजे शब्द. पत्र अर्धे राहिले, कारण सातवी लेवल.

११ मे, सकाळी ९.१०
आज स्टँडवर जाऊन स्वतःच्या हाताने देणार. दोन वाक्ये बोलणार: आरजू, हा तुझा हक्क आहे. कोणी पोरांचा म्हटले तर त्याला हरवून दाखव. गाडी साडेदहाची. खेळ पुसून, नवे सेल घालून पिशवीत ठेवला. सेल नीट बसलेत ना, हे तिथे एकदा पाहीन.

११ मे, दुपारी १२
गाडी वेळेवर सुटली, हे मान्य. मी दहालाच बाकावर हजर होते, हेही लिहून ठेवते. डोके वर केले तेव्हा समोर हसीना एकटी. म्हणाली, "पोरगी तुमच्यापुढं हुबी व्हती, बाई. दोनदा हाक मारली. मंग मलाच म्हणली, अम्मी, ऱ्हाऊ दे, बाईंची आठवी लेवल चाललीय, आऊट व्हत्याल."
आठवी नव्हे, नववी होती, असे मी तिला ठणकावून सांगितले.
ती खेळाकडे बघत राहिली. तो अजून माझ्या हातात चालूच होता.