बगलेत धरलेले हात

दि. ९ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. आईचा गुडघा आता बरा आहे. जिभेला तर कधीच काही झालं नव्हतं. "माझ्या लेकाच्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येते," असं ती शेजारणीला सांगत असते.

ती शांतता मी काल ऐकली. माझ्या अध्यापक विद्यालयातल्या चिमणी या विद्यार्थिनीचा सराव पाठ तुझ्या वर्गावर होता. रिवाजाप्रमाणे तू बाहेर, मी शेवटच्या बाकावर. विषय माझाच: पडलं तरी उठायचं. तक्त्यावर उसळणारा चेंडू काढला होता. तो दाखवायला चिमणीने तुझ्या टेबलावरची लाकडी पट्टी उचलली.

पहिल्या रांगेने हात बगलेत घातले. सगळ्या रांगेने.

"काय झालं रे?" चिमणीने विचारलं.

"काही नाही बाई," दोन वेण्यांची एक मुलगी म्हणाली. "सवय आहे. हात आधी गरम केला की कमी लागतं."

"आणि रडायचं नाही," शेजारचा म्हणाला. "रडलं की सर व्याजासकट देतात!"

वर्ग हसला. चिमणी गोंधळली आणि पाठ केलेलं बोलून गेली, "शाब्बास! यालाच म्हणतात न खचणं." टाळ्या पडल्या.

वाक्य माझं होतं. वर्षभर घसा फोडून सांगतेय, मुलांना कणखर करा. पण कोणाच्या मारापासून वाचण्यासाठी कणखर, ते सांगायचं राहिलं. आणि सभा गाजवणारी मी, तिथे दगडासारखी बसून राहिले.

नंतर तू चहा आणलास. "काय ताई, पोरं पोलादी आहेत ना माझी?" मी चहा प्यायले आणि घाई आहे म्हणून निघाले.

वाटेत चिमणीने विचारलं, "बाई, शाब्बास म्हणायला नको होतं ना?"

"नको होतं."

"मग तुम्ही का नाही थांबवलंत?"

धाकट्या, कारण तो वर्ग तुझा होता. दुसऱ्या कोणाचा असता, तर मी तिथेच उभी राहून शाळा डोक्यावर घेतली असती.

उद्या तुमच्या मुख्याध्यापकांकडे माझी तक्रार पोचेल. आई म्हणते, "सख्ख्या भावाच्या पोटावर पाय देतेस?" तिला म्हटलं, पोट त्याचं एकट्याचं आहे, हात वर्गभर पोरांचे आहेत. ती माझ्याशी बोलत नाही.

रविवारी जेवायला ये. ताट वाढीन. तक्रार मागे घेणार नाही.

तुझी सख्खी बहीण
(तक्रारीखालीही सहीपुढे 'सख्खी बहीण' असंच लिहिलं आहे.)