पेन्सिलीची एकोणिसावी वही

लिहून ठेवणार डिगरी नान्स, वय वर्षे सत्तावन्न, धंदा होडी चालवणे, राहणार सेंट ॲग्नेस बेट, सिली द्वीपसमूह. माझे डोके ठिकाणावर आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी पहिल्या हिवाळ्यातले, सगळे सारखेच मळकट दिसणारे चार जातींचे कुरव पक्षी माझ्याशेजारी उभे राहून ओळखून दाखवावेत. हृदयाचे तसे नाही. पेन्झन्सचे डॉक्टर म्हणाले, "पुढचा ऑक्टोबर बघाल, असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही." सबब कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहीत आहे. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे; ते बहिणीवर रागावून लिहिले होते आणि तिने नंतर माफी मागितली.

कलम १. घर माझे नाही, जहागिरीचे आहे. भाडेपट्टा माझ्याबरोबर संपतो. नव्या भाडेकरूस एवढेच सांगणे की परसातले टॅमरिस्कचे झुडूप तोडू नये. वारा पूर्वेचा असला की सायबेरियाहून वाट चुकलेली पाखरे आधी तिथे उतरतात. तोडायचेच असेल तर ऑक्टोबर सोडून तोडावे, आणि शरमेने तोडावे.

कलम २. होडी भाचा केनव्हर यास. हा पाखरे पाहणाऱ्यांना एका बेटावरून दुसऱ्या बेटावर नेतो आणि स्वतः काही पाहत नाही. मला म्हणतो, "मामा, फोटो निघालाय ना? मग आता बघत काय बसायचं?" याला जे येऊन मिळतात तेही त्याच लायकीचे. मुख्य भूमीवरून धावत येतात, पाखरावर डोळा टाकतात, यादीत खूण करतात आणि परतीची बोट कधी ते विचारतात. पाखराने सहा हजार किलोमीटर कापले, यांना सहा मिनिटे जड जातात. मात्र केनव्हर होडी धक्क्याला अशी लावतो की मध्ये अंडे ठेवले तरी फुटणार नाही. ही स्तुती नव्हे, नोंद आहे.

कलम ३. माझी तिपाईवरची मोठी दुर्बीण आपल्याला मिळावी असे श्री. क्रिस्पिन ऑल्डस, नोंद-समितीचे अध्यक्ष, यांनी तीनदा सुचवले आहे. या गृहस्थांनी बेटावर आल्यावर पहिल्याच आठवड्यात, दोरीवर वाळत घातलेल्या माझ्या बनियनची नोंद 'लहान बगळा, एक' अशी केली होती. तरी दुर्बीण त्यांनाच देत आहे. कायदा असा आहे की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, आणि साक्षीला मी त्यांनाच बोलावले आहे. साक्षीदाराने सही होताना पाहायची असते, मजकूर वाचायचा नसतो. ते आनंदाने येत आहेत. दुर्बीण मग केनव्हरला जावी. कधीतरी डोळा लावील.

कलम ४. शाईने लिहिलेल्या माझ्या चौतीस पक्क्या वह्या नोंद-समितीस. अक्षर सुवाच्य आहे. समितीलाही वाचता येईल.

कलम ५. पेन्सिलीच्या कच्च्या वह्या, म्हणजे पाखरू समोर असताना लिहिलेल्या, फुलशेतीवाल्या लव्हडे पेंडरबाई यांस. याला कारण द्यावे लागेल.

आमच्याकडे ऑक्टोबरात रोज संध्याकाळी पबमध्ये हजेरी होते. एक जण यादीतल्या एकेका पाखराचे नाव पुकारतो. ज्याने जेवढे पाहिले तेवढा आकडा तो सांगतो. कोणी बोलले नाही तर शून्य लिहितात.

१४ ऑक्टोबर १९९६ रोजी पेंडरांच्या फुलशेतीच्या कुंपणात मी एक लहानसे तपकिरी पाखरू अकरा मिनिटे पाहिले आणि हजेरीला म्हणालो, "धुरकट पर्णवटवट्या, एक." बेटावरचा पहिलाच. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. लव्हडे तेव्हा माझ्याच बाकावर बसत असे.

"डिगरी, आमच्याच कुंपणातलं ना ते?" ती म्हणाली. "अरे, मी पलीकडेच फुलं खुडत होते. हुईत, हुईत करत होतं. साधा, रोजचा चिफचाफ होता तो."

"टक्, टक् करत होता. जन्मभर फुलं खुडून कानात कंद उगवलेत का गं तुझ्या?"

पब हसला. ऑल्डस सर्वांत मोठ्याने हसले.

"बरं," ती म्हणाली. "तुझी वही, तुझं पाखरू."

दुसऱ्या दिवशी ती आली, दाराजवळच्या बाकावर बसली आणि एकही आकडा बोलली नाही. पंचवीस वर्षे ती येते, सायडरचा एक ग्लास घेते, आणि गप्प असते. लोक म्हणतात तिची नजर गेली. लोक मूर्ख आहेत. होडीतून मी पाखरामागे तिची मान वळताना पाहिली आहे. तिने पाहिलेले पाखरू संध्याकाळी पुकारले जाते, ती ओठ मिटून बसते आणि शून्य लिहिले जाते. आमच्या बेटाच्या यादीत अशी निदान एकोणतीस खोटी शून्ये मला ठाऊक आहेत.

समितीने माझी नोंद स्वीकारली, 'विशेषतः आवाजाचे वर्णन पाहता'. पक्क्या वहीत लिहिले आहे: 'टक्, टक्, दोन गारगोट्या आपटल्यागत.' पेन्सिलीची एकोणिसावी वही, पान त्रेचाळीस, येथे लिहिले आहे: 'आवाज ऐकला नाही. वारा फार.'

हजेरीला जाण्यापूर्वी मी पुस्तक उघडले होते. त्या पाखराचा आवाज मी पुस्तकात वाचला आणि तासाभरात मला तो ऐकल्याचे आठवू लागले. ज्या गोष्टीसाठी मी दुसऱ्यांना पंचवीस वर्षे हिणवले ती ही. बनियनला बगळा म्हणणाऱ्याने निदान बनियन पाहिले होते.

कलम ६. माझ्या मृत्यूनंतरच्या पहिल्या हजेरीत कलम ५ मोठ्याने वाचावे. ही जबाबदारी टपालवाल्या हेस्टर मम्फर्ड यांच्यावर. हजेरी त्याच पुकारतात, व या मृत्युपत्राच्या व्यवस्थापकही त्याच.

(सहीपूर्वी जोडलेला मजकूर) आज सकाळी हेस्टरबाईंना वरील कलम वाचून दाखवले. त्यांनी टपालाचे शिक्के मारणे थांबवले नाही.

"आणि जिवंतपणी का नाही रे सांगत?"

"मला त्या खोलीत रोज बसायचं असतं, हेस्टरबाई."

"तिलाही बसायचं असतं. बसतेच आहे की."

कलम ६ खोडले आहे. समासात माझी आद्याक्षरे आहेत. हजेरी उद्यापासून सुरू होते. एकोणिसावी वही मी स्वतः घेऊन जाईन आणि पान त्रेचाळीस उभा राहून वाचीन. वाटेतच हृदय थांबले तर खोडलेले कलम जिवंत समजावे.

त्यानंतर हेस्टरबाईंनी '१४ ऑक्टोबर १९९६, धुरकट पर्णवटवट्या' असे पुकारावे व आकडा फक्त लव्हडेला विचारावा. कोणी न बोलल्यास शून्यच धरतात, हे मला ठाऊक आहे. तरी तिने ते शून्य तोंडाने म्हणावे. घाई करू नये. मी थांबेन.

सही: डिगरी नान्स

आमच्या दोघांच्या देखत सही झाली:
१. हेस्टर मम्फर्ड, टपाल कचेरी
२. क्रिस्पिन ऑल्डस, अध्यक्ष, नोंद-समिती (मजकूर वाचला नाही)

सेंट ॲग्नेस, ३० सप्टेंबर २०२१. वारा पूर्वेचा, मंद.