व्याज उतरेपर्यंत

आई, आज दुपारी गल्ल्यावर बसलो असताना शेजारच्या मेजावर दोन पोरं जेवत होती. एकाला घरासाठी कर्ज काढायचं आहे आणि दुसरा त्याला सांगत होता, कळ काढ, मुंबईची मोठी बँक या खेपेला दर खाली आणणारच. माझे कान अजून तसेच आहेत, पंख्याच्या घरघरीतूनही सगळं ऐकू आलं. पूर्वी मी मध्ये तोंड घातलंच असतं. आज सुटे पैसे मोजत बसलो, पण तेव्हापासून तुझ्याशी बोलल्याशिवाय चैन नाही.

डिचोलीतल्या तुझ्या खाणावळीत चारच मेजं होती. आत धुराने काळं झालेलं स्वयंपाकघर, जनेलाखाली, खिडकीच्या उजेडात, दगडी रगडो, आणि त्यावर तू रोज घमेलंभर खोबरं, मिरच्या, धणे वाटायचीस. जेवायला खनिजाच्या ट्रकांवरचे ड्रायव्हर, कोण सावंतवाडीकडचे, कोण कोल्हापूरचे, आणि रस्त्यापलीकडच्या बँकेतली माणसं. तू वाटायचीस, मी वाढायचो आणि ऐकायचो. तुझं मनगट सुजायला लागलं तेव्हा विजेवर चालणाऱ्या रगड्यासाठी कर्ज मंजूर करून घेतलं तेही मीच, मॅनेजरच्या पानात माशाचा तळलेला तुकडा जास्तीचा वाढून. कर्जाच्या कागदावर तुझा अंगठा तेवढा उठायचा राहिला होता. त्याच दुपारी बँकेचा हेडक्लार्क एका ट्रकमालकाला हळूच म्हणाला, घाई करू नका, दर उतरायची चिन्हं आहेत. आत येऊन मी तुला सांगितलं, आई, थोडं थांबूया.

तिथून मला चटकच लागली. मॅनेजर अर्ध्या जेवणावरून उठला की मी म्हणायचो, मुंबईहून फोन आला असणार. ट्रकवाले मलाच विचारू लागले. कोकणी की मराठी यावरून एकमेकांच्या अंगावर जाणारे लोक मी व्याजावर बोलायला लागलो की घास हातात धरून ऐकायचे. घटकराज्य झालं की दिल्ली गोव्याच्या हातावर काहीतरी ठेवणार आणि ते व्याजच असणार, असं मी छातीठोक सांगत होतो. तू आतून म्हणालीस, "देवाक पाकळी लावन कौल घेवक येता. तुज्या थोरल्या ब्यांकेक पाकळी खंय लावतलस रे?" घटकराज्य झालं, फटाके वाजले, व्याज होतं तिथेच राहिलं. मग मी चतुर्थीवर बोट ठेवलं. चतुर्थी गेली तेव्हा शिगम्यावर.

एकदा ऐन गर्दीत कोल्हापूरचा एक ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, आज खोबरं दातात येतंय. पाट्याची सुट्टी काय?" तू पदराला हात पुसत बाहेर आलीस. त्याच्याकडे पाहिलंसही नाहीस. मला म्हणालीस, "तुजां व्याज उतरापर्यंत माजो हात उराक व्हयो, पुता." सगळे हसले. मीही हसलो, सगळ्यांत मोठ्याने.

पहाटे अंथरुणात मला रगड्याचा आवाज यायचा. आधी तो एकसारखा असायचा. पुढे पुढे चार वेढे, मग थांबणं, मग तुझा श्वास, मग दोन वेढे. ऐकू आलं नाही असं म्हणायची सोय देवाने मला ठेवलेली नाही. चढं व्याज द्यायची ऐपत आपल्याला होती. पण तुझा अंगठा उठवला असता तर चढ्या व्याजाचं कर्ज घ्यायला रस्त्यापलीकडे बँकेत जाताना ट्रकवाल्यांनी मला पाहिलं असतं, आणि मग माझं कोणी ऐकलं नसतं.

शेवटी व्याज उतरलं. यंत्र आलं, तू डाव्या हाताने त्यात खोबरं घालू लागलीस. उजव्यात कुलेर, साधा चमचासुद्धा, धरवत नव्हती. म्हापशाच्या डॉक्टरने मनगट दाबून पाहिलं आणि म्हणाला, फार उशीर केलात. आपले वाचले ते महिन्याला दोन नारळांचे पैसे. तू पंगतीला जायचं सोडलंस. इब्रामपूरला मावशीच्या मुलीचं लग्न होतं, तू आहेर माझ्याबरोबर धाडलास आणि म्हणालीस, "चार माणसांत दाव्या हातान जेवूचां बरां दिसना." मावशी पान वाढून तुझी वाट पाहत राहिली. खाणावळ कोण सांभाळणार, असं मी तिला सांगितलं. त्यानंतर तू कुणाच्याच घरी जेवली नाहीस, जाईपर्यंत.

हा कागद कुठे धाडायचा नाही, म्हणून लिहितो. हेडक्लार्क रस्ता ओलांडून आला आणि म्हणाला, उतरलं रे, तेव्हा मी हातातली ताटं तिथेच ठेवून आत धावलो. तू चुलीपाशी मनगटाला गरम मिठाची पुरचुंडी धरून बसली होतीस. मी म्हणालो, "सांगितलं होतं की नाही?" तू म्हणालीस, "बरां जालां, पुता." तुझ्या हाताकडे पाहून त्या वेळी माझ्या पोटात कालवलं, असं मी बायकोला सांगितलं, मुलांना सांगितलं, पुष्कळदा स्वतःलाही सांगितलं. तसं काही झालं नाही. मला आनंद झाला होता, आई, आणि तो बाहेरच्या मेजांवर सांगायला मी लगेच वळलो.