चकतीवरचं कुंकू

९ ऑक्टोबर १९५६, मंगळवार

चौकशी-ऑफिसात दिवसभर नकाशा. साहेबांना उपनगरांतले जुने विमान-अपघात एका कागदावर हवेत, कारणांसकट. जुहूच्या खाडीत गेलेलं: पेट्रोलात पाणी. घाटकोपरच्या डोंगरावर आपटलेलं: धुकं. दहिसरच्या भातखाचरात बसलेलं: हवेच्या नळीत कुंभारीण माशीनं मातीचं घर केलेलं, वेगाचा काटा खोटं बोलत राहिला. बाकी बहुतेकांपुढे 'वैमानिकाची चूक'. इतक्यांदा लिहिलं की शेवटी नुसतं वै. चू. लिहायला लागलो. सगळ्यांत स्वस्त कारण. मेलेला माणूस हरकत घेत नाही.

अंधेरीला घरी आलो तर बायको विचारते, आज किती विमानं पाडलीत? सुमनची ही रोजची थट्टा. चहा मात्र चांगला करते.

१३ ऑक्टोबर, शनिवार. खंडेनवमी

शेजारचे गावडे जुहूला एका मालवाहू कंपनीच्या वर्कशॉपात फोरमन. दर खंडेनवमीला आम्हा दोघांना आग्रहानं नेतात. पाने, पकडी, स्क्रूड्रायव्हर, सगळं घासूनपुसून टेबलावर मांडलेलं, प्रत्येकावर फूल. उद्यापर्यंत कुणी हात लावायचा नाही, हा तिथला कायदा. विमानालाही झेंडूची माळ.

गावडेवहिनी गावाला गेलेल्या, म्हणून सवाष्ण म्हणून सु.ला पुढे केलं. विमानाच्या नाकापर्यंत तिचा हात पोचेना. मग कुशीला लावलं. तिथे एक चकचकीत गोल चकती होती, नेमकी तिच्यावर. आधी हळद, मग कुंकू. तिच्या आईनं कुडाळहून पाठवलेलं, घरी हळदीपासून केलेलं. चिकटून राहावं म्हणून तेलात कालवलं होतं. हे विमान चालवणारे कॅप्टन दिघे शेजारीच उभे. मुलुंडचे, तरुण, हसतमुख. म्हणाले, "वहिनी, हात आखडू नका. वर गेलं की वारा सगळं पुसून टाकतो." सु.नं लाजत आणखी एक बोट फिरवलं.

पेढे बरे होते.

१४ ऑक्टोबर, रविवार. दसरा

सोनं वाटून पाय दुखले. बाकी काही नाही.

१७ ऑक्टोबर, बुधवार

दिघ्यांचं विमान पडलं. संध्याकाळी परतीच्या पावसात, मुलुंडच्या मागच्या टेकडीवर. दिघे आणि रेडिओवाला, दोघेही गेले. शेवटचं बोलणं: ढगात आहे, खाली येतोय. सांगितलेली उंची टेकडीच्या जवळजवळ दुप्पट.

सु.ला सांगितलं. तिनं स्टो बंद केला आणि बसूनच राहिली. जेवण झालं नाही.

१९ ऑक्टोबर, शुक्रवार

साहेबांबरोबर टेकडीवर. चिखल गुडघ्यापर्यंत. पुढचा भाग ओळखू येत नाही. मागचा अर्धा सांगाडा धड. त्याच्या कुशीला ती चकती, भोकांत लाल काहीतरी घट्ट बसलेलं. मी रुमालानं जरा पुसून पाहिलं. साहेब म्हणाले, माती आहे, इथली सगळी टेकडीच लाल आहे. खरंच लाल आहे. चकती खोलून सीलबंद केली.

  रुमाल खिशात तसाच.

२४ ऑक्टोबर, बुधवार

दिघ्यांचे वडील ऑफिसात आले. निवृत्त मास्तर, धोतर, हातात छत्री. बाकावर बसून राहिले. साहेब आत असून बाहेर गेलेत असं शिपायानं सांगितलं. म्हातारा मलाच म्हणाला, "भरपाईबिरपाई नको हो. माझा मुलगा घाईचा नव्हता. तेवढं कुठे लिहिता येतं का बघा."

बघतो म्हणालो. टेबलावर साहेबांचा मसुदा पडलेला होता. ढगात असताना घाईनं खाली आला. वै. चू.

२८ ऑक्टोबर, रविवार

सु. गावडेवहिनींबरोबर मुलुंडला जाऊन आली. दिघ्यांची बायको तिच्याहून लहान. सासू म्हणते, लोक विचारतात, काय हो, घाई होती का त्याला? सु. सांगत होती आणि रडत होती.  मी उगाच खिडकी उघडली.

मग तिनं विचारलं, विमानाला उंची कळते तरी कशी? सांगितलं. कुशीला रुपयाएवढी चकती असते, तिला टाचणीच्या टोकाएवढी भोकं. बाहेरची हवा त्यातून आत येते, तिच्यावर उंचीचा काटा हलतो. भोकं अर्धवट बुजली तर हवा उशिरा पोचते, काटा मागे राहतो. माणूस खाली आलेला असतो, काटा अजून वरच दाखवतो. उन्हात चालून जातं, जमीन डोळ्यांना दिसते. ढगात...

बोलता बोलता मीच थांबलो.

ती म्हणाली, "चकचकीत असते ती?"

३० ऑक्टोबर, मंगळवार

दोन दिवस घरात कामापुरतं बोलणं. आज ऑफिसातून आलो तर माझा तो रुमाल ओट्यावर पसरलेला. शेजारी अर्धं लिंबू. धुवायला घेतला होता म्हणाली, मग धुतला नाही.

हळदीचं कुंकू लिंबानं पिवळं पडतं. हे तिलाही ठाऊक, मलाही. आमच्याकडे आई परातीत कुंकू करायची तेव्हा लिंबाचं भांडं आम्हा पोरांपासून लांब ठेवायची. मी म्हटलं, राहू दे सुमन. तिनं ऐकलं नाही. आधी रुमालाच्या चिखलाच्या टोकावर पिळलं. लाल ते लालच. मग चकती पुसलेल्या डागावर.

पिवळं झालं. पिवळंधमक.

तिनं रुमालाची घडी घातली आणि पोळ्या लाटायला घेतल्या.  भीती वाटते, दुसरं काही नाही.

३ नोव्हेंबर, शनिवार

दिवाळी नावाला. फराळ गावड्यांकडून आला.

गावड्यांना गच्चीत गाठलं, सगळं सांगितलं. त्यांनी विडी पेटवली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी वर्कशॉपातल्या पोरांनी विमान पुसलं होतं म्हणाले, माळ काढली, हळदीचे ओघळ काढले. कुंकू तेवढं ठेवलं. पूजेचं कुंकू पुसायचं कोणी? कुणाचा हातच गेला नाही. त्यांचाही नाही. दरवर्षी वाऱ्यानं जायचं. पण दरवर्षी ते नाकाला असायचं.

मग म्हणाले, "भाऊ, माझ्या पोरांच्या पोटार पाय येतलो. आणि वहिनींचा नाव खंय येवक नको." डोळे भरले होते. गावडे वाईट माणूस नाही. त्या पोरांतला एकही नाही.

मला पटलं. पटल्याचीच लाज वाटली. सु.ला सांगितलं, अगं, दिघे काही परत यायचे नाहीत. ती म्हणाली, "मला ठाऊक आहे. त्यांनीच सांगितलं होतं, हात आखडू नका. तेही सांगा साहेबांना." पुढे म्हणाली, मी अडाण्यासारखं लावलं, मला कुणी काही म्हटलं तरी चालेल. त्यांच्या घरच्यांसमोर त्यांना घाईचे म्हणतायत ते चालणार नाही.

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर भांडता आलं असतं.

५ नोव्हेंबर, सोमवार

साहेबांकडे विषय काढून पाहिला, आडून आडून. चकतीच्या भोकांत मातीच आहे ना, नक्की? साहेब म्हणाले, तुम्हाला अजून दहिसरची कुंभारीण माशी दिसतेय. चकती कपाटात आहे, हवी तर बघा. उद्या सकाळी सही करून वर पाठवतो. सही झाली की आपलं काम संपलं.

स्वच्छ अक्षरात प्रत मलाच काढायला दिली. काढली. वै. चू. असं लिहून चालत नाही तिथे, दोन्ही शब्द पूर्ण लिहावे लागतात.

घरी आल्यावर सु.नं विचारलं. सांगितलं. उद्या मी येते, म्हणाली. ऑफिसात बायका येत नाहीत, म्हटलं. मग मी पहिली, म्हणाली.

६ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळ

सु. तयार होऊन दारात उभी आहे. निळं लुगडं नेसली आहे. हातात कुंकवाचा करंडा, खंडेनवमीला नेलेला तोच. साहेबांसमोर चकतीवरचं थोडं खरवडायचं, करंड्यातलं थोडं घ्यायचं, दोन्हींवर लिंबू पिळायचं. शाळेतल्या पोरालाही कळेल, म्हणते. मी ऐन वेळी हे लिहायला बसलो म्हणून चिडली आहे. अहो, सही होऊन जाईल, म्हणतेय.

साहेब काय म्हणतील, देव जाणे. हसतील. किंवा नाही हसणार, आणि मग हिचं नाव कागदावर येईल. पेपरात येईल. गावड्यांची पोरं, त्यांच्या नोकऱ्या, आमची ही गल्ली. मुलुंडच्या त्या घरात तरी हिला कुणी आत घेईल का पुन्हा? सगळं दिसतंय मला. छत्री घेऊन बाकावर बसलेला म्हाताराही दिसतोय.

आत्ता विचारलं तिनं, लिंबू घेतलंत ना?

घेतलं म्हणालो.

ओट्यावरच आहे. इथून दिसतंय.