लुगड्यातली पोहणारी

आई, आज रविवार. सकाळीच तलावावर जाऊन आले. केस अजून ओले आहेत, म्हणून अंगणात उन्हाला बसून तुला लिहिते आहे.

शहराला धरणाचं पाणी येऊ लागलं आणि या जुन्या तलावात पायडलच्या बोटी आल्या, तेव्हा मी सातवीत होते. शाळेची सहल तिथेच गेली. सोबत डबे घेऊन काही आयाही आल्या, त्यात तू. इतर आया गोल पातळात आणि तू नऊवारी लुगड्यात, त्याचीच मला आधी लाज. जेवणं चालू असताना आमच्या दोन बाई बसलेल्या बोटीचं पायडल अडकलं. वाऱ्याने बोट सांडव्याकडे सरकू लागली, आणि सांडवा तर भरून वाहत होता. बोटवाला काठावरून नुसते हातवारे करतोय. "मले पोयता येत नाई ना बाई," असं तो तुला म्हणतो, आणि तू चपला माझ्या हातात देतेस, कासोटा घट्ट खोवतेस, काठावर पडलेल्या दोराचं टोक कमरेला बांधतेस आणि पाण्यात उतरतेस. नदीकाठच्या गावची लेक तू. हात कसे शांत पडत होते तुझे, जरा घाई नाही. दोर बोटीला बांधलास आणि काठावरच्यांनी ती ओढून घेतली.

टाळ्या वाजल्या. तू ओलीचिंब बाहेर आलीस, लुगडं अंगाला चिकटलेलं, आणि दुसऱ्या तुकडीतल्या पोरी खिदळल्या. एकीने मला विचारलं, "कोण होय वं ते बाई?" तुझ्या चपला हातात धरून मी म्हणाले, "काय मालूम." तू दोन पावलांवर होतीस. तुला ऐकू गेलं नसेल, असं मी कितीतरी वर्षं स्वतःला समजावत आले.

घरी आजीने तोंड सोडलं. "लोकायसमोर असं ओलं होते का सून?"

"मंग काय, बुडू देऊ त्याईले?" तू पोळी लाटता लाटता म्हणालीस. पुढच्या रविवारी मला हाक मारलीस, "चाल, तुले पोयनं शिकवीन. मी हाय ना." डोकं दुखतंय म्हणून मी पांघरुणात शिरले. तू पुन्हा विचारलं नाहीस.

आता त्याच तलावात दर रविवारी मी बायकांना पोहायला शिकवते. सेलूच्या दोघी येतात, सावंगीच्या नर्सिंगच्या पोरी येतात. सिंदी मेघेच्या एक आजी तर पाण्यात उतरेपर्यंत मला शिव्या घालतात. नवी बाई आली की मी तुझी गोष्ट सांगते, आणि सांगताना माझा आवाज चढतो. मला तुझा फार अभिमान वाटतो, आई. तू असताना हे एकदाही बोलले नाही.

आज त्या आजींनी विचारलं, "मॅडम, तुमाले आईनंच शिकवलं असंन?" हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून खरं ते लिहिते. पोहणं मी चाळिशीत नागपूरला शिकले, एका अनोळखी बाईकडून. तरी मी हो म्हणाले, आणि काठावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले.