भिजत घातलेल्या साली

शहसवार, १४ इस्फंद १३६६ (मार्च १९८८)

चि. माहरुख हिस, अ. उ. आ.

तेहरानवर क्षेपणास्त्रं पडायला लागून चार दिवस झाले आणि तू अजून तिथेच. माझं अक्षर लागलं नाही तर समजून घे. तुझा नवरा कामबीज आघाडीवर, घरात तुम्ही दोघी मायलेकीच. पूपकला घे आणि मिळेल त्या बसने निघ. सात वर्षांच्या पोरीने हे आवाज का ऐकावेत? फोन करायचा नाही अशी तंबी दिलीस, म्हणून लिहितेय.

जिवाला घोर लागलेली,
फरंगीस

तेहरान, १८ इस्फंद

ती. फरंगीसताईस, सा. न. वि. वि.

झुरळ दिसलं की आख्खं घर उठवणारी तू, तुझं काय मनावर घ्यायचं! मागच्या गल्लीतलं एक घर गेलं. आमच्या फक्त काचा फुटल्या. पूपक टेबलाखाली झोपते, बोलत मात्र नाही.

मला यायचंय गं. पण तू पाठवलेल्या नारिंगांच्या साली मुरंब्यासाठी भिजत घातल्यात. रोज दोनदा पाणी बदललं नाही तर कडूपणा उतरत नाही, आणि नवरोज तोंडावर आलाय. मुरंबा झाला की निघते.

धाकटीवर रागावू नये, माया असू द्यावी.

तुझी,
माहरुख

शहसवार, २१ इस्फंद

माहरुख,

नारिंगांची टोपली पाठवून तीन आठवडे झाले. साली चार दिवसांत कडूपणा सोडतात, हे तुला मीच शिकवलंय. फसवतेस कुणाला? तू फोनपाशी बसली आहेस. कामबीजचा फोन येऊन किती दिवस झाले? मला विचारायचीही भीती वाटते.

हे पत्र आजच्या बसच्या ड्रायव्हरकडे देतेय, तो घरी आणून देईल. उद्याच्या बसने मी येतेय. तू पूपकला घेऊन त्याच बसने इकडे ये. फोनपाशी मी बसेन, हलणार नाही. मी शूर झालेली नाही, मला त्या चालूसच्या घाटाचीसुद्धा धडकी भरते. पण पोरीला तिथे ठेवू नकोस.

आपल्या दोघींचा आवाज इतका सारखा की बाबासुद्धा फसायचे. कामबीजचा फोन आलाच तर मी तूच आहे असं त्याला वाटू देईन. तुम्हाला घर सोडावं लागलं हे कळून आघाडीवर त्याचा जीव टांगणीला लागायला नको. घरी सगळं ठीक आहे, पूपक शेजारी खेळायला गेलीय, असं सांगेन. आवाज कापू देणार नाही.

लोभ आहेच, आता वाद घालू नये.

तुझी,
फरंगीस